हा खेळ वाचता येतो!

खेळ एवढाच आहे: वर रंगीत विटांची भिंत, खाली एक आखूड फळी, मधे चेंडू. फळी डावीउजवीकडे सरकवायची, चेंडू खाली पडू द्यायचा नाही, वीट फुटली की गुण मिळतो. संपलं. त्यात गोष्ट नाही, राक्षस नाही, मधेच उगवणारी जाहिरात नाही. आणि तरीही सांगतो, संगणक शिकवायला लागल्यापासून इतकी भारी गोष्ट माझ्या हाती लागलेली नव्हती! हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतला माझा संगणकाचा छोटा क्लास आहे. टायपिंग, एक्सेल, ऑनलाइन अर्ज यांच्यासाठी पोरं-पोरी येतात. सध्या जो येईल त्याला मी आधी या भिंतीसमोर बसवतोय.

'थ्रू द वॉल' हे त्या खेळाचं नाव. साल १९८२. त्या वर्षी २३ एप्रिलला ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीनं झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा घरगुती संगणक जाहीर केला. छोटासा काळा डबा, त्यावर रबरी बटणं. वेगळी स्क्रीन नाही, घरातल्या टीव्हीला जोडायचा. डिस्क नाही, घरातल्या टेपरेकॉर्डरला जोडायचा. १६ केबी मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. आणि खोक्यात यंत्रासोबत एक कॅसेट फुकट, 'होरायझन्स' नावाची. ती सायन या कंपनीनं तयार केली होती. एका बाजूला संगणक म्हणजे काय याचे धडे आणि दुसऱ्या बाजूला छोटे छोटे प्रोग्रॅम. एक आकडे क्रमानं लावून दाखवणारा, एक कोल्हे आणि ससे यांची संख्या कशी चढते-उतरते ते दाखवणारा, आणि त्यांच्याच रांगेत हा भिंतीचा खेळ. ज्यानं ज्यानं ते यंत्र घेतलं त्याच्या घरी हा खेळ आपोआप पोचला. दुकानात जाऊन विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? १९८२ मध्येच देशात रंगीत दूरदर्शन सुरू झालं. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. पण म्हणून ही गोष्ट परक्यांची आहे असं मुळीच नाही. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीनं १९८८ मध्ये परवाना घेऊन हेच यंत्र 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावानं भारतात विकायला आणलं होतं. पुण्यात वाढलेल्या माझ्या मावसभावाच्या एका मित्राकडे ते होतं. शाळा सुटली की ही सगळी पोरं त्याच्या घरी. परवा गप्पांच्या ओघात या मावसभावानं ती आठवण काढली आणि रात्री व्हॉट्सअॅपवर इम्युलेटरची लिंक पाठवून दिली. इम्युलेटर म्हणजे आजच्या लॅपटॉपवर त्या जुन्या यंत्राचं हुबेहूब सोंग घेणारा प्रोग्रॅम. 'फ्यूज' नावाचा आहे, फुकट आहे, मोबाइलवर चालणारेही आहेत.

हे फुकट कसं, तेही सांगायला हवं, कारण ती मोठ्या मनाची गोष्ट आहे. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणकाचा धंदा अॅमस्ट्रॅड कंपनीनं ५० लाख पौंडांना विकत घेतला. यंत्राच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम, १६ केबीचा रॉम, अर्थातच त्यांच्या मालकीचा झाला. आणि १९९९ मध्ये त्याच कंपनीनं जाहीरपणे सांगून टाकलं की इम्युलेटर बनवणाऱ्यांनी तो खुशाल वापरावा आणि वाटावा, आमची हरकत नाही. त्या एका परवानगीवर आज मी वसमतमध्ये बसून चाळीसहून जास्त वर्षांपूर्वीचं यंत्र चालवतोय!

सुरू केलं की पांढरी स्क्रीन, खाली एका ओळीत १९८२ चा हक्क सांगणारी पाटी. बाकी काहीच नाही. यंत्र तुमची वाट बघतं. या कीबोर्डवर एकेक अक्षर टाइप करत बसायचं नसतं. 'जे' दाबलं की अख्खा 'लोड' शब्द उमटतो, 'पी' दाबलं की 'प्रिंट', 'आर' दाबलं की 'रन', 'के' दाबलं की 'लिस्ट'. लोड, पुढे अवतरण चिन्हाची जोडी, एंटर. मग टेप सुरू. आणि तो आवाज!

तो आवाज एकदा ऐकाच. आधी एकसुरी लांब शीळ, तेव्हा स्क्रीनच्या कडेला लाल आणि फिकट निळे पट्टे सरकत असतात. मग एकदम खरखर सुरू होते, पट्टे निळे-पिवळे होतात. ती खरखर म्हणजेच खेळ आहे. शून्यासाठी आखूड ठोका, एकसाठी त्याच्या दुप्पट लांब ठोका, असे हजारो ठोके एकामागून एक. ज्या कॅसेटवर आपण भजनं आणि नाट्यगीतं ऐकली त्याच कॅसेटवर त्यांनी खेळ साठवले. नेदरलँड्समध्ये तर रेडिओच्या 'हॉबीस्कूप' कार्यक्रमात हा असा आवाज प्रसारित करायचे. लोक घरी तो टेप करून घ्यायचे आणि संगणकाला पाजायचे. आकाशातून आलेला प्रोग्रॅम, कुणालाही, फुकट! हे वाचल्यावर मी उठून उभाच राहिलो.

खेळलो. मजा आली. चेंडू अंमळ हळू आहे, ठिपक्याठिपक्यानं न सरकता चौकटीचौकटीनं उड्या मारतो. पण खरा आनंद तिथं नव्हता. तो पुढे होता.

मी ब्रेक दाबलं. खेळ थांबला. 'के' दाबलं, एंटर दाबलं, आणि समोर अख्खा खेळ आला. अक्षरशः. ओळ क्रमांक आणि त्यापुढे सूचना, ओळीमागून ओळ. फळी कुठं काढायची, बटण दाबलं का ते कसं पाहायचं, चेंडू कसा पुढे न्यायचा, गुण कसे वाढवायचे, सगळं उघड्यावर, साध्या बेसिक भाषेत लिहिलेलं. मोबाइलवरचा कुठलाही खेळ घ्या आणि त्याला विचारा, बाबा रे, तू आतून कसा आहेस? तो सांगत नाही. त्याचं पोट शिवलेलं आहे. आणि हा १९८२ चा खेळ म्हणतो, या, बसा, वाचा. हवं ते बदला. मी रंगाचा एक आकडा बदलला, पुन्हा 'रन' दिलं, आणि भिंत पिवळी झाली, थेट आमच्या मोंढ्यातल्या हळदीची! एक आकडा बदलला आणि जग बदललं. परवानगी कुणाची घ्यावी लागली नाही, खातं उघडावं लागलं नाही.

चूक केली तरी हे यंत्र फार सभ्य आहे. ओळ चुकीची टाइप केली तर एंटर दाबूनही ती आत घेतच नाही. जिथं बिनसलं तिथं लुकलुकणारं प्रश्नचिन्ह लावून ठेवतं. वर्गात इतक्या शांतपणे चूक दाखवता आली तर कोण पोरगं घाबरेल?

दुसऱ्या दिवसापासून मी हे क्लासच्या पोरांसमोर मांडलं. मूळ खेळ वाचून झाला, आता आपला स्वतःचा लिहू म्हटलं. रिकाम्या पडद्यावर एक चेंडू. त्याची आडवी जागा एक आकडा, उभी जागा दुसरा आकडा. दर फेरीला जागेत पाऊल मिळवायचं: पाऊल १ असेल तर चेंडू उजवीकडे. मग कड आली की काय करायचं? सातवीतली एक मुलगी, मोठ्या बहिणीसोबत नुसती बसायला येते, ती म्हणाली, "सर, १ चं उणे १ करा ना." केलं. चेंडू कडेला टेकला आणि माघारी फिरला. दुसऱ्या कडेला पुन्हा उणे, उणे १ चं झालं १, पुन्हा उजवीकडे. ती ओरडलीच, "म्हणजे सर, उणे उणे अधिक हे यासाठी असतं!" हो बाई, यासाठीच असतं. फळ्यावरून तो नियम तिनं पाठ केला होता. इथं तिनं तो उड्या मारताना पाहिला. कितीतरी वेळ वर्गात कुणी एक्सेल उघडलं नाही.

मग तिचाच पुढचा प्रश्न: "पण चेंडूला कसं कळतं वीट आली म्हनून? त्याला डोळे कुठं हायेत?" या प्रश्नासाठी मी तिला दहापैकी दहा गुण देईन, कारण उत्तर अप्रतिम आहे. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. तो ३२ बाय २४ चौकटींत वाटलेला, प्रत्येक चौकट ८ बाय ८ ठिपक्यांची. एका चौकटीत दोनच रंग: अक्षराचा एक आणि मागचा एक. मेमरी वाचवण्यासाठी केलेली ही युक्ती, त्यामुळं अख्खं रंगीत चित्र ६,९१२ बाइटांत मावतं. या प्रत्येक चौकटीचा रंग एका आकड्यात लिहिलेला असतो: मागचा रंग गुणिले ८, अधिक अक्षराचा रंग. काळा म्हणजे ०, लाल २, पिवळा ६, पांढरा ७. पांढऱ्यावर काळं असेल तर ५६, पिवळ्या विटेवर काळं असेल तर ४८. बेसिकमध्ये 'अॅटर' नावाची सूचना आहे, ती कुठल्याही चौकटीचा हा आकडा सांगते. म्हणजे चेंडूनं पाऊल टाकण्याआधी फक्त विचारायचं, पुढच्या चौकटीचा आकडा काय? ५६ असेल तर रान मोकळं आहे, जा. ४८ असेल तर वीट आहे: पुसून टाक, गुण वाढव, उलटा फिर. आंधळा चेंडू रंगाचा आकडा चाचपत चालतो. पोरं थक्क झाली. मीही झालो, खोटं कशाला सांगू!

आवाजाची गंमत तर वेगळीच. 'बीप' या सूचनेला दोन आकडे लागतात, किती वेळ आणि कुठला सूर. सुराच्या जागी ० दिलं की पियानोवरचा मधला सी वाजतो, आणि पुढचा प्रत्येक आकडा अर्ध्या सुरानं वर. आमच्याकडे नर्सी हे नामदेव महाराजांचं गाव, घरोघरी कुणीतरी भजनात पेटी वाजवणारं. एक मुलगा लगेच म्हणाला, सर, मग शून्याला सा धरू. धरला. सा शून्य, रे २, ग ४, म ५, प ७, ध ९, नी ११ आणि वरचा सा १२. भिंतीच्या आठ ओळी केल्या आणि प्रत्येक ओळीला एक सूर दिला. आता चेंडू वर चढतो तसतशी भिंत सरगम गाते! एकच खबरदारी: सूर वाजेपर्यंत यंत्र दुसरं काही करत नाही, चेंडू हवेत थबकतो. म्हणून सूर अगदी तोकडा ठेवायचा.

आणि मग आम्ही देवनागरीला हात घातला. हे लिहिताना अजून हात शिवशिवतोय. यंत्रात फक्त इंग्रजी अक्षरं आहेत, पण २१ चिन्हं तुमच्यासाठी मोकळी सोडली आहेत. प्रत्येक चिन्ह म्हणजे आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ ठिपके, लावलेला ठिपका १, विझलेला ०. वहीतल्या चौकटींवर पेन्सिलीनं अक्षर काढायचं आणि ओळीओळीनं आकडे लिहायचे. आठही ठिपके लावले की तो आकडा होतो २५५, आणि ती झाली आपली शिरोरेघ! 'ग' आणि 'ल' झटकन बसले. 'हिं' लिहायला घेतलं तर वेलांटी आणि अनुस्वार शिरोरेघेच्या वर, त्यांना जागाच नाही. पोरांनी वाद घातला, खोडलं, पुन्हा काढलं. शेवटी ठरलं, एकावर एक दोन चिन्हं ठेवायची: वरच्याच्या तळाला शिरोरेघ आणि तिच्या डोक्यावर वेलांटी, खालच्यात अक्षराचं अंग. 'हिंगोली' या शब्दाला सहा खण लागले, म्हणजे २१ पैकी १२ चिन्हं खर्ची पडली. पण गुणांच्या पाटीवर 'हिंगोली' झळकलं!

त्या रात्री मला मोहन तांबे यांच्याविषयी वाचायला मिळालं. याच ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये त्यांनी 'जिस्ट' हे तंत्र उभं केलं, ज्यानं भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर आणल्या. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. वेलांटी कुठं ठेवायची, जोडाक्षर कसं बांधायचं, हे प्रश्न त्यांनी भारतीय लिप्यांसाठी सोडवले. आमच्या पोरांनी त्यातला एक चिमुकला प्रश्न एका शब्दापुरता स्वतः सोडवला. आता त्यांना जिस्ट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

बरं, भिंत आणि चेंडू ही जोडी दिसते तितकी साधी नाही. अटारी कंपनीनं १९७६ मध्ये 'ब्रेकआउट' नावाचा खेळ आणला, त्याचाच हा सगळा वंश. त्याचा नमुना बनवण्याचं काम स्टीव्ह जॉब्जनं अंगावर घेतलं आणि प्रत्यक्ष जुळणी केली स्टीव्ह वॉझनियॅकनं, सुट्या चिपा जोडून. त्यात प्रोग्रॅम नव्हताच, सगळी तारांची आणि चिपांची करामत. पुढच्याच वर्षी वॉझनियॅकनं अॅपल टू हा संगणक केला, तेव्हा त्याच्या मनात हाच खेळ होता: तो बेसिकमध्ये लिहिता यावा म्हणून त्यानं यंत्रात रंग घातले, आवाज घातला, फळी फिरवायच्या मुठीसाठी जागा केली. म्हणजे एका भिंतीच्या खेळानं एका अख्ख्या संगणकाचा आकार ठरवला! जे कालपर्यंत चिपा जोडून करावं लागत होतं ते आता कुणीही टाइप करून करू शकत होतं. माझ्या मते संगणकाच्या इतिहासातली ही फार मोठी उडी आहे, आणि ती एका फळीवरून मारलेली आहे.

भारत सरकारनंही तेव्हा या दिशेनं पाऊल टाकलं होतं. १९८४-८५ मध्ये 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू झाला, पहिल्या टप्प्यात देशातल्या २५० शाळा, आणि यंत्र होतं बीबीसी मायक्रो, स्पेक्ट्रमचं ब्रिटनमधलं प्रतिस्पर्धी. त्याच्याही सोबत स्वागताची कॅसेट यायची. ते यंत्रही सुरू करताच बेसिक समोर ठेवायचं. तेव्हाचा पोरगा संगणकासमोर बसला की पहिला प्रश्न असायचा, आता याला काय सांगू? आजच्या पोराचा पहिला प्रश्न असतो, यात काय बघू? हा फरक मला फार टोचतो. लहान मुलांसाठी आज 'स्क्रॅच' आहे, चांगलं आहे, जरूर शिकवावं. पण जो खेळ खेळायचा त्याच खेळाच्या आत एक बटण दाबून उतरायचं, ही चव वेगळी आहे.

आणि आपल्या जिल्ह्यात तर हे शिकण्याला आता खास कारण आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहतेय. ६ एप्रिल २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटी रुपयांच्या त्या प्रकल्पाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांत लेसरचा प्रकाश आरशांमध्ये शेकडो वेळा मागेपुढे धावणार, दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीची थरथर टिपण्यासाठी. ती यंत्रणा चालवायला, तिनं जमवलेले आकडे वाचायला प्रोग्रॅम लिहिणारी माणसं लागतील. ती सगळी बाहेरूनच का यावीत? पडद्याच्या कडेला टेकून चेंडू माघारी कसा फिरतो हे जिला आज समजलं, ती पोरगी उद्या त्या आरशांचं गणित का नाही समजून घेणार?

म्हणून वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, हिंगोली, कुठंही राहत असाल आणि घरात सहावी-सातवीचं पोर असेल, तर एवढं करा. मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर स्पेक्ट्रमचा इम्युलेटर घ्या. 'होरायझन्स' कॅसेटची फाइल लावा, आवाज चालू ठेवा, भिंत मनसोक्त फोडू द्या. मग ब्रेक दाबा, 'के' दाबा, एंटर दाबा, आणि पोराला त्या ओळींतला एक आकडा, त्याला वाटेल तो, बदलायला सांगा. काही बिघडणार नाही. पुन्हा लोड केलं की सगळं पहिल्यासारखं. घरी यंत्र नसेल तर रविवारी सकाळी माझ्या क्लासला घेऊन या. त्या वेळी सगळी यंत्रं या खेळासाठी मोकळी ठेवली आहेत. फी नाही. चौकटीची वही आणि पेन्सिल मात्र सोबत आणा.